आधी नाव, मग दाम



गाडीला ठोकर लागली की आपल्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. 'आता किती लागतील?' वास्तविक हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'काय तुटले?' हा होय. ज्याला काय तुटले ते सांगता येत नाही, त्याला समोरचा सांगेल तो आकडा मुकाट्याने मान्य करावा लागतो. या सदरात आम्ही घरसंसाराच्या आणि रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी लिहीत असतो. या वेळी गाडीच्या तुटलेल्या भागाची ओळख कशी पटवावी, हे पाहू.

गाडीचा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, कुठेही जा, आपल्या वस्तीतील किती तरी तरुण ड्रायव्हरी करून घर चालवतात. कोणी शेठची गाडी चालवतो, कोणी शाळेची व्हॅन, कोणी रुग्णवाहिका. कोणी बचत गटाचे, पतसंस्थेचे कर्ज काढून जुनी गाडी घेतली आणि टॅक्सी पास करून घेतली. अशा घरात गाडी दोन दिवस उभी राहिली की त्याची झळ चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून हा विषय त्या घरातील माता-भगिनींचाही आहे.

आपल्या जिल्ह्यातील रस्तेही असे की लहानसहान ठोकर कोणालाही चुकत नाही. पावसाळ्यात गुरे कोरडी जागा म्हणून डांबरी रस्त्यावर बसतात. धानाच्या दिवसांत बिनदिव्याची बंडी आणि ट्रॅक्टरची ट्रॉली अंधारात एकदम पुढे येते. गोंदिया-कोहमारा रस्ता तर जंगलातून जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने एका वाघाचा जीव गेला. तेव्हा वेग कमी ठेवणे हा पहिला उपाय. आणि ठोकर लागलीच, तर आधी माणूस पाहावा, गाडी नंतर. कोणाला लागले असेल तर त्याला दवाखान्यात पोहोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य मोटार वाहन कायदा, १९८८ मध्येच सांगितले आहे. आपल्याला तर करुणेचा संस्कार आहे.

माणसे सुखरूप असली म्हणजे मग गाडीकडे वळावे.

दोन महिन्यांच्या पगाराची गोष्ट

आमच्या वस्तीतील एक आयुष्मान एका व्यापाऱ्याची मोटार चालवतो. मागे एका पावसाळी रात्री रस्त्यात बसलेली गाय चुकवताना त्याच्या गाडीचा पुढचा डावा कोपरा पुलाच्या कठड्याला घासला. वेग बेताचा होता, कोणाला काही झाले नाही. बंपरवर ओरखडे पडले आणि खालून काळ्या प्लास्टिकचा एक मोठा तुकडा लोंबू लागला. शेठजींनी गॅरेजवाल्याला फोनवर फोटो दाखवला. तो म्हणाला, 'पुढचा पूर्ण सेट गेला, रेडिएटरची फ्रेमसुद्धा हलली असेल.' शेठजींनी ताबडतोब जाहीर केले की दोन महिन्यांचा पगार कापीन.

मुलाची आई विड्या वळते. बहीण आय.टी.आय. मध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड करते. सकाळी ती भावासोबत गेली. मोबाइलच्या उजेडात गाडीखाली वाकून तिने तुटलेली बाजू पाहिली, मग शाबूत बाजू पाहिली, आणि लोंबणाऱ्या तुकड्यावरचा नंबर वहीत उतरवून घेतला.

'शेठजी, रेडिएटरची फ्रेम जशीच्या तशी आहे जी,' ती म्हणाली. 'हे मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे अस्तर आहे. पाच क्लिपा तुटल्या आणि बंपर धरणारी एक पट्टी मोडली.'

'तुला काय समजते यातले?'

'माझे राहू द्या जी. पलीकडच्या चाकाजवळ असेच अस्तर आहे, ते चांगले आहे. दोन्ही तुम्हीच पाहून घ्या.'

शेठजींनी वाकून पाहिले. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवले, त्यानेही तेच सांगितले. अस्तर, क्लिपा, पट्टी आणि बंपरला थोडा रंग, एवढ्यावर काम भागले. सर्व मिळून खर्च मुलाच्या चार दिवसांच्या पगाराएवढाही झाला नाही. दोन महिने आणि चार दिवस यांच्यातील अंतर एका नावाचे होते.

येथे एक गोष्ट ड्रायव्हर बंधूंनी लक्षात ठेवावी. आस्थापनेत नोकरीला असलेल्या कामगाराचा पगार नुकसानीपोटी मालकाला मनात येईल तसा कापता येत नाही. नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले असले पाहिजे, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त होता कामा नये. ही तरतूद वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये होती आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही आहे. पण प्रत्यक्ष नुकसान किती, हे सांगायचे तर तुटलेल्या भागाचे नाव माहीत हवेच.

नागसेनांचा रथ

मिलिंद-प्रश्नातील रथाची गोष्ट आपण विहारात ऐकली असेल. राजा मिलिंद रथात बसून आला होता. भदंत नागसेनांनी त्याला विचारले, रथ म्हणजे आस काय? चाके काय? जू काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. शेवटी त्याने मान्य केले की हे सर्व भाग जुळून आले म्हणजे व्यवहारात त्याला 'रथ' हे नाव मिळते. भदंतांना त्यातून अनात्म समजावून द्यायचे होते. आपल्याला त्यातून एक लहानसा घरगुती धडाही घेता येतो. 'गाडी गेली', 'पुढचे सगळे गेले' असे कधी म्हणू नये. गाडी कधीच सगळी जात नाही. एकेक भाग वेगळा करून विचारावे, हा गेला काय? हा राहिला काय? अशाने भीती कमी होते आणि बहुधा खर्चही कमी होतो.

हे कसे करावे, ते आता क्रमाने सांगतो.

तुकडे फेकू नका

गाडी हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढावे. एक दुरून, एक जवळून, एक खालून. मग रस्त्यावर पडलेला प्रत्येक तुकडा, स्क्रू, क्लिप, काचेचा टवका पिशवीत भरावा. पुष्कळ लोक हा कचरा पायाने बाजूला सारतात. पण ज्या तुकड्यावर नंबर छापलेला असतो, तो नेमका त्याच कचऱ्यात असतो.

डावे-उजवे कोठून मोजायचे?

गाडीचे डावे-उजवे ड्रायव्हरच्या सीटवर बसून, पुढे तोंड करून मोजतात. आपण गाडीसमोर उभे राहून बोट दाखवतो तेव्हा नेमके उलटे होते, आणि दुकानातून चुकीच्या बाजूचा माल घरी येतो. याहून सोपे म्हणजे 'ड्रायव्हर साईड' आणि 'क्लीनर साईड' असे म्हणावे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असते, म्हणून ड्रायव्हर साईड म्हणजे उजवी. तुकड्यावर इंग्रजीत एल.एच. असेल तर तो डाव्या बाजूचा आणि आर.एच. असेल तर उजव्या बाजूचा समजावा.

शाबूत बाजू हाच नकाशा

गाडीचे बहुतेक बाहेरचे भाग जोडीने असतात. हेडलाइट दोन, मडगार्ड दोन, आतली अस्तरे दोन, आरसे दोन. एक बाजू तुटली तरी दुसरी बहुधा चांगली असते. लोंबणारा तुकडा दुसऱ्या बाजूला कोठे बसला आहे, किती क्लिपांनी धरला आहे, हे पाहावे. कोणतेही पुस्तक न उघडता अर्धे उत्तर तेथेच मिळते. बंपरसारखा मधला भाग असेल तर स्टँडवर उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीशी ताडून पाहावे. ड्रायव्हर भाऊ भावाला नाही म्हणत नाही.

बाहेरून आत जा

पुढची ठोकर असेल तर भागांचा क्रम ध्यानात ठेवावा. सर्वांत बाहेर बंपर. तो केवळ प्लास्टिकचे कातडे असते. दाबले गेले तरी पुष्कळदा परत फुगून जागेवर येते आणि 'काही झाले नाही' असे वाटते. पण त्याला धरून ठेवणाऱ्या बाजूच्या पट्ट्या आत मोडलेल्या असू शकतात. पुष्कळ गाड्यांत बंपरच्या मागे मार झेलणारा लोखंडी आडवा दांडा असतो. त्याच्या मागे एअर कंडिशनची पातळ जाळी, तिला कंडेन्सर म्हणतात. त्याच्या मागे रेडिएटर, आणि रेडिएटरला लागून पंखा.

कंडेन्सर आणि रेडिएटर यांत गल्लत करू नये. पुढचा, पातळ, अल्युमिनियमच्या बारीक नळ्यांचा तो कंडेन्सर. मागचा, ज्याला जाड रबरी पाइप जोडलेले असतात, तो रेडिएटर. कंडेन्सर फुटला तर गाडीत गार हवा येणार नाही, एवढेच. रेडिएटर फुटला तर इंजिनावर बेतते. नावे कळली नाहीत तर एकाच्या जागी दोन्हींचे बिल भरावे लागते.

खालच्या बाजूला लोंबणारे काळे प्लास्टिक दोनपैकी एक असते. चाकाच्या वर कमानीसारखे वळलेले असेल तर ते मडगार्डचे अस्तर, दुकानात त्याला फेंडर लायनिंग म्हणतात. इंजिनाखाली सपाट पसरलेले असेल तर ते अंडर कव्हर. दोन्ही चिखल-पाण्यापासून आतले भाग वाचवतात. दोन्ही क्लिपांवर बसतात, आणि पुष्कळदा फक्त क्लिपाच तुटलेल्या असतात.

हेडलाइटचेही तसेच. काच आणि आतला चकाकता भाग शाबूत असतो, फक्त स्क्रू बसण्याचा 'कान' मोडलेला असतो. तेवढ्यासाठी संपूर्ण हेडलाइट बदलण्याची घाई करू नये. कान जोडून मिळतो काय, हे आधी विचारावे.

तुकड्यावरची अक्षरे

आता तुकडा पालथा करावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला अक्षरे ठसलेली असतात. पी.पी. लिहिले असेल तर ते लवचीक, मेणचट प्लास्टिक. बंपर आणि अस्तरे बहुधा याचीच असतात, आणि हे प्लास्टिक उष्णतेने जोडता येते. ए.बी.एस. असेल तर ते कडक प्लास्टिक. समोरची जाळी, आरशाचे कव्हर यांचे ते असते. पी.सी. म्हणजे पारदर्शक, मजबूत प्लास्टिक. आजकाल हेडलाइटची 'काच' बहुधा याचीच असते. पी.ए. म्हणजे नायलॉन, ते उष्णता सहन करते. रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या त्याच्या करतात. पिशवीत पी.ए. लिहिलेला तुकडा निघाला तर समजावे की मार आतपर्यंत पोहोचला असण्याचा संभव आहे.

याच जागी भागाचा नंबरही असतो. कित्येक कंपन्यांत या नंबराचे पहिले पाच आकडे भागाची जात सांगतात. उदाहरणार्थ, मारुतीच्या पुढच्या बंपरच्या नंबराची सुरुवात ७१७११ अशी होते. पुढची अक्षरे मॉडेल आणि रंग सांगतात. दिव्यांवर तो तयार करणाऱ्याचे नाव असते. लुमॅक्स, फिएम, वरोक ही नावे आपल्याकडच्या गाड्यांच्या दिव्यांवर आढळतात. तुकड्यावरचा नंबर कधी केवळ साच्याचा असतो, दुकानातल्या यादीशी तंतोतंत जुळत नाही. तरीही तो उतरवून न्यावा. अनुभवी दुकानदाराला तेवढा धागा पुरतो.

चेसिस नंबर बरोबर न्या

'माझ्याकडे वॅगन आर आहे' एवढे सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीचा चेहरा दर काही वर्षांनी बदलतो, आणि एकाच वर्षीच्या साध्या व महाग मॉडेलचे बंपर वेगवेगळे असू शकतात. खरी ओळख चेसिस नंबरची. आर.सी. बुकात तो असतो, गाडीवरही कोरलेला असतो. हा १७ अक्षर-आकड्यांचा नंबर होय. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुळीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. म्हणून गोल दिसले की ते शून्यच समजून लिहावे. कंपनीच्या दुकानात हा नंबर सांगितला की संगणकावर त्या गाडीच्या भागांचे चित्र निघते. त्या चित्रातील भागावर बोट ठेवून नाव आणि नंबर कागदावर लिहून मागावा. मग कंपनीचा माल घ्यावा, बाहेरचा घ्यावा की जुन्या बाजारातून आणावा, हे आपल्या खिशाप्रमाणे ठरवावे. मात्र प्रकाशाचा, ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा भाग स्वस्तासाठी कसाही घेऊ नये.

गाडी घरापर्यंत न्यावी काय?

अस्तर लोंबत असेल तर ते चाकाला घासते, टायर कापते. ते काढून डिक्कीत टाकावे किंवा दोरीने वर बांधावे, पण गरम सायलेन्सरजवळ दोरी नको. चाक घासत असेल, स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, बोनेट नीट बसत नसेल, तर गाडी पुढे नेऊ नये.

गाडीखाली ओल दिसली तर रंग पाहावा. एअर कंडिशन चालू असताना स्वच्छ पाणी टपकणे साहजिक आहे. हिरवे, गुलाबी किंवा निळे, बोटाला बुळबुळीत लागणारे पाणी रेडिएटरचे असते. अशा वेळी इंजिन तेथेच बंद करावे आणि गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर उसळते. एका लहान चिरेतून पाणी जाते, पाणी गेल्याने इंजिन तापते, तापल्याने हेड वाकते, आणि शेवटी संसाराची जमापुंजी जाते. हे असेल तर ते होते, हा कार्यकारणभाव तथागतांनी जीवनाच्या बाबतीत शिकवला. गाडीच्या बाबतीतही साखळी पहिल्याच कडीला तोडावी.

विमा आणि बिल

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही. लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात, त्यात मिळते. पण साध्या पॉलिसीत प्लास्टिक व रबराच्या भागांची निम्मी, म्हणजे ५० टक्के किंमत झीज म्हणून कापली जाते. शिवाय १५०० सी.सी. पर्यंतच्या खाजगी मोटारीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपये आपल्या पदरचे घालावे लागतात. दावा केला की पुढच्या वर्षीची सूटही जाते. ही सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि दावा न केल्यास वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून एखादे अस्तर आणि चार क्लिपांसाठी दावा करणे तोट्याचे. काय तुटले ते आधी कळले तरच हा हिशेब मांडता येतो. दावा करायचाच असेल तर गाडी उघडण्यापूर्वी कंपनीला कळवावे.

बिल नेहमी मागावे. 'पुढचे सामान' असे मोघम लिहिलेले बिल घेऊ नये. भागाचे नाव, नंबर, नग, दर आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. बदललेला जुना भाग परत मागावा. ज्याने खरोखर बदलला आहे, तो मिस्त्री आनंदाने देतो. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि गोंदियाला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. प्रामाणिक मिस्त्रीशी मात्र घासाघीस करू नये. त्याच्या हातालाही घामाचे मोल आहे.

चाळीसगावचा टांगा

शेवटी एक जुनी आठवण सांगावीशी वाटते, कारण गाडी आणि ज्ञान यांचा संबंध त्यात दिसतो. १९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी फिरत असताना चाळीसगावला उतरले. त्यांना नेण्यास टांगेवाले तयार होईनात. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतील एका माणसाने लगाम हाती घेतला, त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलाच्या कडेच्या दगडावर चाक जोरात आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या बिचाऱ्या माणसाचे प्रेम खरे होते. दोष त्या व्यवस्थेचा, जिने आपल्या माणसाला टांग्यात बसू दिले नाही आणि टांगा हाकण्याची विद्याही त्याच्यापर्यंत पोहोचू दिली नाही.

आज आपली मुले जिल्ह्याच्या प्रत्येक रस्त्यावर गाड्या चालवतात. लगाम हातात आला आहे. परंतु गाडीच्या आतल्या भागांची नावे, त्यांचे नंबर, त्यांचे दर अजून दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागतात. शासकीय आय.टी.आय. मध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तो मुलींनाही खुला आहे. घरात एक तरी मूल ही विद्या शिकेल तर ते घर फसणार नाही, आणि उद्या सुट्या भागांचे एखादे दुकान आपल्याही वस्तीत उभे राहील.

तोवर एवढे करावे. येत्या रविवारी विहारातून परतल्यावर घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे बोनेट उघडावे आणि मुलांना जवळ बोलवावे. बंपर, जाळी, कंडेन्सर, रेडिएटर, पंखा अशी बोट ठेवून एकेकाची नावे म्हणवून घ्यावी. चेसिस नंबर वहीत लिहून ठेवावा. कोणी काही सांगितले म्हणून ते मान्य करू नका, स्वतः तपासून पाहा, हा तथागतांचा उपदेश आपण रोज ऐकतो. तो गॅरेजच्या दारातही लागू आहे.

नमो बुद्धाय, जयभीम!